शेवटचा हात कुणाचा

हिंगोलीच्या एका बोर्डिंगचे अधीक्षक स्वतः एसटीने कळमनुरीला आले, तेव्हाच मी ओळखलं की तक्रार मोठी आहे. एरवी ते कुणाबरोबर तरी निरोप पाठवायचे. आल्या आल्या त्यांनी खांद्यावरची पिशवी माझ्या टेबलावर उपडी केली. आमच्याच केंद्राच्या शेंगदाणा चटणीची पाकिटं होती, अर्धीअधिक फोडलेली.

“पोरं खाईनात,” ते म्हणाले. “नुसतं मीठ लागतंय. आमची पोरं कशालाच नाही म्हणत नाहीत, बाई. त्यांनी ताटातून बाजूला सारली म्हणजे तुम्हीच समजा.”

मी चिमूटभर तोंडात टाकली आणि उठून पाणी प्याले.

“कुणी केलं ते शोधून काढा,” जाताना ते म्हणाले. “तोवर माल पाठवू नका.”

कुणी केलं, असं ते म्हणाले. काय झालं, असं त्यांनी विचारलं नाही. त्या घटकेला माझ्याही डोक्यात तोच प्रश्न होता.

तेव्हा आमचा तालुका परभणी जिल्ह्यात होता. आणीबाणी उठून काही महिनेच झाले होते. आठवडी बाजाराच्या मैदानामागे एका पत्र्याच्या शेडमध्ये महिला मंडळाचं उद्योगकेंद्र चालायचं आणि मी तिथली पगारी व्यवस्थापिका होते. आम्ही शेंगदाण्याची, कारळाची आणि जवसाची कोरडी चटणी करायचो. थोडी दुकानांत जायची, बाकी सगळी बोर्डिंगला. मंडळाच्या अध्यक्षा गावातल्या एका पुढाऱ्याच्या पत्नी होत्या. सगळ्याजणी त्यांना वहिनी म्हणत. शेडमध्ये त्या क्वचित यायच्या, पण बोर्डिंगचे अधीक्षक येऊन गेल्याची बातमी त्यांच्यापर्यंत माझ्याआधी पोचली.

“नवीला काढून टाका,” त्या म्हणाल्या.

नवी म्हणजे पाकिटं बंद करणारी बाई. येऊन महिनाही झाला नव्हता, म्हणून सगळ्या तिला नवीच म्हणायच्या. डोंगरकड्याकडची, बौद्धवाड्यात राहायची, दोन लेकरं. आमच्याकडे येण्यासाठी तिने निंदणीची टोळी सोडली होती आणि टोळीच्या मुकादमाने लगेच तिच्या जागी दुसरी बाई घेतली होती. इथून ती गेली असती तर सुगीपर्यंत तिच्या हाताला काम नव्हतं. हे मला ठाऊक होतं, वहिनींनाही होतं.

“तिनेच केलं कशावरून?” मी विचारलं.

“शेवटचा हात तिचा. ती येण्याआधी कधी तक्रार आली होती का? सोपं आहे हो. पाकिटातली चटणी काढून घरी न्यायची आणि वजन भरायला मीठ घालायचं. मिठाला काय लागतं?”

मला ते पटलं. मी संशयी आहेच. त्या संशयावर माझा संसार आणि नोकरी दोन्ही नीट चालली. फक्त माझा संशय एका ठिकाणी थांबत नाही. वहिनींची एक भाची सासर सोडून आली होती आणि तिला कुठे तरी बसवायचं होतं, हेही मला दिसत होतं. पेठेतला एक दुकानदार नांदेडहून चटणी आणून विकायचा, तो आमच्या शेडसमोर अलीकडे फार रेंगाळायचा. आणि अधीक्षकांनाच दुसऱ्या कुणी गाठलं नसेल कशावरून? मी वहिनींकडून आठवडाभराची मुदत मागून घेतली.

“आठवडा घ्या,” वहिनी म्हणाल्या, “पण बोर्डिंगला काहीतरी केल्याचं दाखवावं लागेल.”

त्या संध्याकाळी मी शेडच्या दारात उभी राहिले आणि घरी जाणाऱ्या प्रत्येकीची पिशवी बघितली. एकीची बघितली असती तर तो आरोप झाला असता, म्हणून सगळ्यांच्या. पहिल्याच आल्या त्या काकू. काकू केंद्राच्या सुरुवातीपासूनच्या. कुटण्याचं काम त्यांचं. हाताखाली दोन-तीन बाया असायच्या, पण उखळापाशी शब्द काकूंचाच.

“माझी झडती?” काकू म्हणाल्या. “मी चटणी चोरून काय करू? माझ्या घरी मलाच कुणी वाढीना, चटणी कुठं खाऊ?”

त्यांच्या मागे भाभी. शेंगदाणे, कारळ, जवस भाजायचं आणि कुटून आलेला माल परातीत कालवायचं काम तिचं. तिचा नवरा गाद्या भरायचा. तिने पिशवी अशी पुढे केली की जणू मी भीक मागत होते.

नवीने मी सांगण्याआधीच पिशवी जमिनीवर उलटी केली. भाकरीचं फडकं, एक कंगवा आणि लेकराचं अंगडं बाहेर पडलं.

“बघा बाई. झटकून दाखवू? न्हाई तर उद्या म्हणसाल, शिवणीत लपवली व्हती.”

“उचल ते,” मी म्हणाले.

“तुमी बघून घ्या आधी बराबर. मंग उचलते.”

पिशव्यांत काही सापडलं नाही. पण चोराला झडतीचा दिवस कळतोच, म्हणून त्यावरून मी काही ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकर गेले आणि कोपऱ्यात पडलेला सगळा माल पुढ्यात घेतला. बोर्डिंगने परत केलेली पाकिटं, दुकानांसाठी ठेवलेली, आदल्या दिवशी बंद केलेली. प्रत्येकातली चिमूट चाखत गेले. खारट, खारट, ठीक, ठीक आणि मग एक असं लागलं की मला वाटलं माझी जीभच मेली. पुन्हा घेतली. अळणी. त्याच्या शेजारचंही अळणी.

आता चटणी चोरून मीठ भरणारी बाई अळणी पाकीट कशाला करेल? मिठाची चोरी करायची असेल तर चटणी कशाला खारट करेल? दोन्ही एकाच हाताने होणं मला जमवता येईना. अळणीची तक्रार कुणी केली नव्हती कारण बोर्डिंगातली पोरं ताटात वरून मीठ घेत असणार. खारट झालेलं मात्र काढता येत नाही.

मग त्या दिवशी मी टेबल सोडलं आणि शेडमध्येच पोत्यावर बसून राहिले. बायांना ते आवडलं नाही. मी बसले की आवाज खाली येतो, हे प्रत्येक व्यवस्थापकाला माहीत असतं. तरीही मी उठले नाही.

आमच्या कामाची रीत अशी. भाभी भाजून द्यायची. काकू लसूण-तिखट घालून कुटायच्या आणि कुटतानाच थोडं मीठ टाकायच्या, कारण मिठाने लसूण लवकर वाटला जातो. मग माल परातीत भाभीकडे परत. ती कालवायची, चाखायची आणि उरलेलं मीठ चवीपुरतं घालायची. मग काकू येऊन एकदा चाखायच्या आणि मान हलवायच्या. तिथून ते नवीकडे. ती पाकिटं भरायची आणि तोंड लोखंडी पात्यावर दुमडून मेणबत्तीच्या ज्योतीवरून फिरवायची की चिकटलं. मीठ मोजण्याचं माप नव्हतं. घरात कुठे असतं? मी नेमल्या नेमल्या एकच नियम केला होता, चव बघितल्याशिवाय माल पाकिटात जायचा नाही. सकाळ-संध्याकाळ मी टेबलावरून ओरडून विचारायचे, “चव बघितली का?” आणि आतून उत्तर यायचं, “व्हय बाई, बराबर हाय!”

पोत्यावर बसून मला सगळ्यात आधी दिसला तो पाण्याचा रांजण. दुपार झाली तरी काठोकाठ भरलेला. एरवी चटणीच्या शेडात दर थोड्या वेळाने कुणीतरी हा-हू करत पाण्याकडे धावायची, तो रांजण दोनदा भरावा लागायचा. मग मी हातांकडे पाहिलं. परातीतून एकही बोट तोंडाकडे गेलं नाही. भाभीने मीठ घातलं, हात झटकला. काकू आल्या, वाकल्या, वास घेतला, मान हलवली आणि गेल्या. परात नवीकडे सरकली.

“काकू,” मी म्हणाले, “चव बघितली?”

“व्हय की.”

“कशी?”

“कशी म्हंजे? वासावर कळतंय मला. उभा जन्म कुटण्यात गेला.”

“तोंडात नाही घातली तुम्ही.”

काकूंनी माझ्याकडे असं बघितलं की मी भलतंच काही बोलले. “श्रावण हाय, बाई. मी दिवस मावळल्याबिगर पाणीसुद्दा घेत न्हाई, आन् लसूण तर चातुर्मास संपेपर्यंत बंद. भाभी चाखती की.”

“मैं?” भाभी म्हणाली. “मेरा रोजा नै क्या? मैं समझी काकू देख लेते. हर बार वोच तो मुंडी हिलाते.”

“जिभेवर ठेवून थुंकायचं,” मी म्हणाले. “चालतं म्हणतात.”

“लोगां बोलते चलता. मेरी सास बोलती नै चलता. मेरेकू सास के घर में रहना है, लोगां के घर में नै.”

त्या वर्षी अधिक श्रावण आला होता. काकूंचं एकवेळ जेवण अधिकातच सुरू झालं, पण तेव्हा भाभी चाखत होती, म्हणून काही बिघडलं नाही. मग निज श्रावण आणि रमजान एकदमच लागले. शेडमधल्या बाकीच्या बायांचंही कुणाचा सोमवार, कुणाचा शनिवार चाललेलं. आणि कालवण्याचा नि चाखण्याचा मान दोघींचाच, तर तिसरी कशाला पुढे येईल? भाभीला वाटायचं काकूंनी कुटताना मीठ कमी घातलं असेल, मग ती जास्त घालायची. दुसऱ्या दिवशी काकू कमी घालायच्या आणि भाभीला वाटायचं आज भरपूर पडलंय. नेमक्या त्याच दिवसांत नवी कामाला लागली होती. बाकी तिचा आणि मिठाचा काही संबंध नव्हता.

“मग मी रोज विचारते तेव्हा व्हय कोण म्हणतं?” मी विचारलं.

एकजण मागून म्हणाली, “सगळ्याच म्हणतो की.”

पुढे माझ्या नोकरीत मला बऱ्याच प्रशिक्षणांना पाठवण्यात आलं. मालाचा दर्जा, तपासणी, माणसं सांभाळणं, यावर चांगल्या कपड्यातली माणसं दिवसभर बोलत. तिथे एकजण म्हणाले की दोष माणसात शोधू नका, कामाच्या रीतीत शोधा. खरं आहे. पण ते असं सांगत होते जणू रीत म्हणजे यंत्राचा एखादा सुटा भाग, काढला आणि दुसरा बसवला. आमच्या रीतीत काकूंचा श्रावण होता, भाभीची सासू होती आणि पाटावर बसून पाकिटं चिकटवणारी एक बाई होती जिला उखळाच्या बाजूला कुणी बोलवलंच नव्हतं. मीही नव्हतं. तिला पाकिटांवर बसवलं ते काम हलकं म्हणून नाही, हे सगळ्यांना कळत होतं आणि कुणी बोलत नव्हतं.

मी त्याच दुपारी सांगितलं, “आजपासून मीठ वाटीने मोजून, एकदाच, भाभी घालेल. कुटताना काकूंनी घालायचं नाही. आणि चव बघणार नवी. तिचा उपास नाही.”

उखळ थांबलं. काकूंनी पदराने तोंड पुसलं.

“तिला चव कळती का?” त्या म्हणाल्या.

“तोंड आहे ना तिला?”

“तोंडाचं न्हाई म्हणत मी. हाताचं म्हणते. एवढ्या परातीत तिनं बोट घालायचं, ते गावभर जायचं. माझ्यासाठी न्हाई बोलत, मला काय. दुकानवाल्याला कळलं तर?”

“बोट कुणीच घालायचं नाही,” मी म्हणाले. “तुम्हीसुद्धा नाही. आजवर सगळ्यांची उष्टी बोटं परातीत जात होती, तेच बंद करायला पाहिजे होतं. चमच्याने पानावर काढून घ्यायचं आणि पानावरूनच खायचं. पान फेकून द्यायचं. नियम सगळ्यांना एकच.”

हा नियम मला त्या क्षणी सुचला. काकूंना नवीपेक्षा तोच जास्त लागला. त्यांची बोटं कुणी उष्टी म्हणेल, असं त्यांना आयुष्यात वाटलं नसेल.

मला वाटलं, झालं. तेवढ्यात नवी म्हणाली, “मी न्हाई चाखत.”

“कायकू?” भाभीने विचारलं.

“कालच गं बाई माझ्या पिशवीची झडती झाली. आज चाखायला लावता, उद्या एखादं पाकीट खारट निघालं की म्हणणार, हिनंच चाखलं व्हतं. आत्तापोत्तर शेवटचा हात माझा व्हता, आता जीभबी माझीच. मला पाकिटावरच राहू द्या. न्हाई तर काढून टाका एकदाचं, रोज धाक कशाला?”

ती रडत नव्हती, रागावलेलीही नव्हती. हातातलं पाकीट तिने ज्योतीवरून फिरवून नीट बाजूला ठेवलं. माझ्या शब्दावर तिचा विश्वास नव्हता आणि तो ठेवायला मी तिला काही कारणही दिलं नव्हतं. मला ते कळलं, कारण तिच्या जागी मीही ठेवला नसता.

“मग काय पाहिजे तुला?” मी विचारलं.

तिने विचार केला. “आधी तुमी चाखायचं. मंग मी. दोघींनी सगळ्यांसमोर मोठ्यानं बोलायचं, कसं हाय ते. तुमी गावाला गेल्या तर दुसरी कुणीतरी माझ्यासंगं, पण मी एकटी न्हाई. आन् मीठ मी घालणार न्हाई, हात लावणार न्हाई मिठाला.”

“अन् तुमच्या वहिनी?” काकूंनी टोमणा मारला. “त्यांनाबी बोलवा पान घेऊन.”

वहिनी मुदत संपायच्या आधीच आल्या. भाची बरोबर होती. “काढलं का तिला?” त्यांनी दारातूनच विचारलं.

“नाही. तिला चव बघायला बसवलं.”

“चव? तिला?” त्यांनी शेडकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज उतरवला. “बोर्डिंगला मी काय सांगू? केलं काय तुम्ही?”

“मीठ मोजून घालतो, दोघी चाखतात, असं सांगा. आणि हा नवा माल त्यांना चाखायला पाठवा. पसंत पडला नाही तर मग मलाच काढा. व्यवस्थापिका मी आहे.”

हे मी शूरपणाने बोलले नव्हते. मला खात्री होती की पगारी बाई काढायला मंडळाला ठराव लागतो आणि वहिनींना ठराव करायचा कंटाळा आहे. भाची तोवर पाकिटं बंद करायचं काम निरखत होती. तिने मेणबत्तीच्या धुराने नाक मुरडलं आणि बाहेर जाऊन उभी राहिली. वहिनींच्या मनात भाचीचं होतं का, की मीच रचलं, हे मला आजही सांगता येत नाही. माल मात्र बोर्डिंगने ठेवून घेतला. कौतुक काही आलं नाही, पुढची मागणी आली.

श्रावण संपेपर्यंत सगळं चाललं. मी आधी, नवी मागून. “ठीक.” “ठीक.” रोज दोनदा. बाया आम्हाला हसायच्या. मला तेव्हाच वाटत होतं की हे अजून काही खरं नाही, कारण ती रोज माझ्यामागून तेच बोलत होती जे मी बोलत होते. पगार देणाऱ्या बाईने ठीक म्हटल्यावर कोण वेगळं बोलेल? आमच्या “व्हय बाई, बराबर हाय”चीच ही दुसरी तऱ्हा झाली होती, एवढंच की आता दोघी म्हणत होतो.

मग पोळा झाला आणि त्याला लागूनच ईद. भाभीने शीरखुर्म्याचा डबा आणला आणि काकू सकाळीच माझ्या टेबलापाशी आल्या.

“सुटलं आता सगळ्यांचं,” त्या म्हणाल्या. “लसूण म्या खात न्हाई, पण भाभी चाखंल. मी मान हलवंन. तिला पाकिटावर जाऊ द्या.”

“कुटणाऱ्याने आणि कालवणाऱ्याने आपल्याच मालाची चव बघायची नाही,” मी म्हणाले. “आपलं ते गोडच लागतं.”

“मंग ती कायमची?”

मी होय म्हणायच्या आधीच आतून परात सरकवल्याचा आवाज आला. सगळ्या कान टवकारून होत्या. मी उठले, पान घेतलं, चमच्याने काढून तोंडात टाकलं. कारळाची चटणी होती.

“ठीक,” मी म्हणाले.

नवीने पान घेतलं. चाखलं. माझ्याकडे बघितलं नाही, परातीकडे बघून म्हणाली, “अळणी हाय.”

मी पुन्हा थोडी घेतली. मला ठीकच लागली.

“आणा इकडं,” काकू म्हणाल्या. चातुर्मास, लसूण, नवीचा हात, सगळं त्या घटकेला विसरून त्यांनी पानावर घसघशीत चटणी घेतली आणि तोंडात टाकली. चूक काढायची घाई फार मोठी असते. “बराबर हाय!” त्या गरजल्या. “भाभी, घे गं, सांग हिला.”

भाभीने घेतली. “मेरेकू नै समजता,” ती म्हणाली आणि पाणी प्यायला गेली. शहाणी बाई.

एका बाजूला मी आणि काकू, दुसऱ्या बाजूला नवी एकटी. तिची बोटं पानाच्या कडा मोडत होती. ती माघार घेईल असं मला वाटलं. तिने घेतली नाही. “मला अळणी लागतीय,” ती पुन्हा म्हणाली, पहिल्यापेक्षा हळू.

मी तिथे उभी राहून हिशेब केला. ही चटणी जशी आहे तशी गेली असती तर बोर्डिंगातल्या एकाही पोराच्या लक्षात आलं नसतं. पण आज मी तिचं बोलणं बाजूला सारलं असतं, तर उद्यापासून ती माझ्यामागून ठीकच म्हणाली असती, आणि मग पाकिटावर बसवली काय आणि परातीवर बसवली काय, तिथे असून नसल्यासारखी.

“भाभी,” मी म्हणाले, “थोडं मीठ घाल आणि पुन्हा कालव. नवी ठीक म्हणेपर्यंत पाकीट बंद करायचं नाही.”

“तुमाला अळणी लागली का?” काकूंनी मला सरळच विचारलं.

“नाही.”

“मंग?”

“मग काही नाही. कुटा तुम्ही.”

काकू कुटायला गेल्या नाहीत, सरळ घरी गेल्या. पुढच्या बाजाराच्या दिवशी परत आल्या आणि मुसळ उचललं. ती चटणी खाल्ली म्हणून घरी सुनेने स्वयंपाकघरात शिरू दिलं नाही, असं भाभीने मला सांगितलं. भाभीचं सगळंच मी खरं धरत नाही.

ती चटणी खरोखर अळणी होती का, की नवी मला पारखत होती, हे मी तिला कधी विचारलं नाही. विचारलं असतं तरी तिने सांगितलं नसतं. दोघींनी आधी ठीक म्हटल्यावर मेणबत्ती लावायची, हे मात्र मी ते केंद्र सोडेपर्यंत मोडलं नाही, आणि मी सोडलं तेव्हा ती परातीपाशीच बसलेली होती.